थेरपी एकट्याची की जोडीने?

डोक्याला मार लागल्यावर बोलणं परत आलं, शब्दही स्पष्ट आहेत, तरी गप्पा काही जमत नाहीत. तीच गोष्ट तीनदा सांगणं, दुसऱ्याला मध्येच तोडणं, थट्टा न कळणं, नाहीतर विचारल्याशिवाय तोंडच न उघडणं. अशा वेळी स्पीच थेरपिस्टने रुग्णाला एकट्याला शिकवायचं, की रोज त्याच्याशी बोलणाऱ्यालाही शेजारी बसवायचं?

निम्मा निर्णय अडचण कोणती यावरच होतो. जीभ-ओठांचे स्नायू कमजोर होऊन उच्चार जड झाले असतील, किंवा वाचाघातामुळे, म्हणजे मेंदूतली भाषाच बिघडल्यामुळे, नेमका शब्द सापडत नसेल, तर एकट्याचा सराव हवाच. पण अशा इजेत बऱ्याचदा मेंदूचा पुढचा आणि कानशिलामागचा भाग दुखावतो. लक्ष, स्मरण आणि मनाला आवर घालणं बिघडतं, भाषा मात्र बरीचशी शाबूत राहते. असा माणूस वाचाघाताच्या चाचणीत चांगले गुण मिळवतो आणि घरी आल्यावर भांडण ओढवून घेतो. थेरपिस्टच्या शांत खोलीत जमलेलं चार जणांच्या गलक्यात टिकेलच असं नाही.

जोडीच्या प्रशिक्षणात समोरच्याचं बोलणंही बदलतं. आपण नकळत परीक्षा घेत असतो: "सांग बरं, काल कोण आलं होतं?" उत्तर आपल्याला माहीत आहे हे त्यालाही कळतं, आणि तो चिडतो. त्याऐवजी "काल काका आले होते, तुम्ही दोघं बराच वेळ बोलत होतात," एवढं म्हणून थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड. ऑस्ट्रेलियात स्पीच थेरपीच्या संशोधक लीन टॉगर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली गंभीर इजा झालेल्या 44 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 10 आठवड्यांनंतर, जोडीदारासह शिकलेल्यांचं रोजचं संभाषण एकट्याने शिकलेल्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं.

म्हणून बोलणं स्पष्ट असेल, तर माझा कौल जोडीला. फक्त जोडीदाराची दमछाक धरूनच ठरवा. आधीच औषधं, आंघोळ, पैसे सांभाळणाऱ्या बायकोला आणखी एक वर्ग म्हणजे शिक्षा वाटू शकते. मग भाऊ किंवा मित्र चालेल. रुग्ण एकटाच राहत असेल, तर गटातली थेरपी बघा. तिथे निदान खरी माणसं समोर असतात.

रुग्णाला स्वतःची अडचण जाणवतच नसेल, तर काय? संभाषणातल्या अडचणींविषयीची ला ट्रोब नावाची 30 प्रश्नांची प्रश्नावली रुग्णाने आणि जवळच्या माणसाने वेगवेगळी भरायची असते. दोघांच्या उत्तरांत मोठं अंतर पडलं, तर आधी त्यावरच काम करावं लागतं. अपघातानंतरचा गोंधळ अजून ओसरला नसेल, दिवस-वार लक्षात राहत नसतील, तर हे सगळं थोडं पुढे ढकला.

थेरपिस्ट ठरवताना पहिल्याच भेटीत विचारा: आमच्या जेवणाच्या वेळच्या गप्पांचं रेकॉर्डिंग आणलं, तर ऐकाल का?