"कीड फिरकणार नाही" म्हणून घेतलेली टोमॅटोची रोपं

दादरच्या एका नर्सरीतून दिवाळीआधी चार रोपं आणली, दोन साधी नि दोन चेरी टोमॅटोची. काका छातीठोकपणे म्हणाले, ताई, रेझिस्टंट जात आहे, कीड फिरकणार नाही. तीन आठवड्यांत साध्या रोपांच्या पानांखाली पांढरी माशी, हात लावला की भुर्रकन उडणारी, आणि शेंडे आकसून वाटीसारखे! अहो काका, रेझिस्टंट म्हणजे बहुतेकदा रोगाला, किड्याला नाही. उदाहरणार्थ बंगळूरची अर्का रक्षक ही टोमॅटोची जात, ती लीफ कर्ल व्हायरस (पानं आकसवणारा विषाणू), मर नि करपा या रोगांना तोंड देते, पण म्हणून माशी बसणारच नाही असं थोडंच आहे.

चेरीची मात्र कमाल. खोडावर बारीक लव इतकी की पिलके (बगलेतले जादा फुटवे) काढताना बोटं हिरवी-काळी चिकट होतात, साबणाचा फेससुद्धा हिरवा येतो, आणि तो उग्र वास! ही लवच झाडाचं हत्यार, बारके किडे त्यात चिकटतात. दक्षिण अमेरिकेतले रानटी टोमॅटो तर याहून चिकट. शिवाय एक पान खाल्लं की बाकीच्या पानांतही किड्याचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात, हे 1972 मध्येच दाखवलं गेलंय.

मी आधी उगाच रोज पानं ओल्या फडक्याने पुसत होते, धूळ बसते ना आमच्याकडे, मेट्रोचं काम. त्याने ही लवच मोडते, म्हणून बंद केलं.

रोपं तजेलदार, माती चांगली, पॅकिंग छान. माहिती शून्य. तीन स्टार, तेही चेरीमुळे.