विच्छेदनाचे शिंपले: माल चांगला, खुंटी चुकीच्या जागी

सीलबंद पिशवीत गोड्या पाण्यातले पाच शिंपले, प्रत्येकी साधारण 8 सेंमी, आणि प्रत्येकाच्या दोन झडपांमध्ये, म्हणजे कवचाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये, ठोकलेली लाकडी खुंटी. ही खुंटी लागतेच. बिजागरीचा लवचीक बंध झडपा सतत उघडू पाहतो; त्यांना मिटून धरतात ते दोन स्नायू, एक पुढे, एक मागे. ते आखडलेले असताना शिंपला टिकवण्याच्या द्रावात टाकला तर द्राव आत शिरत नाही आणि मऊ भाग आतल्या आत कुजतो. तक्रार आहे ती खुंटीच्या जागेबद्दल. पाचांपैकी तिघांत ती मागच्या टोकाला आहे आणि नेमकी तिथंच पाण्याची दोन तोंडं असतात. खालचं तोंड पाणी आत घेणारं, कडेला बारीक बोटांसारखे उंचवटे असलेलं; वरचं बाहेर सोडणारं, गुळगुळीत. चेंगरल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. खुंटी खालच्या कडेला मधोमध असती तर फार तर पाय जरासा दबला असता.

बाकी माल चोख आहे. आधी 10-15 मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा, हातमोजे घाला. बिजागरी वर आणि बंध मागे, म्हणजे आपल्याकडे, असा धरला की डावी झडप डाव्या हाताला येते. उजव्या कुशीवर ठेवून डावी काढा. स्काल्पेलच्या दांड्यानं प्रावाराचा, म्हणजे मऊ अंग झाकणारा, पातळ पडदा झडपेपासून सोडवा, मग पातं झडपेच्या आतल्या बाजूला घासत नेऊन दोन्ही स्नायू कापा. पातं मधोमध खुपसलं की कल्ले फाटतात. बहुतेक नमुने इथंच वाया जातात.

कल्ल्यांचे चारही पडदे, प्रत्येक बाजूला दोन, शाबूत मिळाले. एका शिंपल्याचा बाहेरचा कल्ला जाड, फुगलेला होता. असा नमुना खराब समजून फेकू नका, ती पिल्लं सांभाळणारी मादी असते. त्यातला चिमूटभर भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहिला की दोन इवल्या झडपांच्या अळ्या दिसतात. पुढे याच अळ्या माशांना चिकटून वाढतात.

हृदय बिजागरीच्या अगदी खाली. वरची पातळ त्वचा बारीक कात्रीनं उचलून कापली की निलय (हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा) दिसतो आणि त्याच्या आरपार गेलेलं आतडं. ही गंमत पाचांपैकी चौघांत स्वच्छ दिसली. जठरातला स्फटिकदंड (पचनाला मदत करणारी पारदर्शक कांडी) मात्र शोधत बसू नका, मेल्यावर तो लवकर विरघळतो. त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

सोबतचं पत्रक सुमार आहे. हृदय लालभडक रंगवलंय, प्रत्यक्षात सगळंच करडं-पिवळट. त्याहून वाईट म्हणजे ‘दात’ एवढंच लिहून बाण मारलाय. ते दात बिजागरीचे, झडपा एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून असलेले. शिंपल्याच्या तोंडात दात सोडाच, गोगलगाईसारखी खरवडणारी जीभही नसते. मुलं ते दात तोंडापाशी, त्रिकोणी ओष्ठपालींमध्ये (तोंडाजवळच्या मऊ पाकळ्यांमध्ये) शोधत राहतात.

स्नायू, कल्ले आणि हृदय शिकवायला हे पाकीट घ्यायला हरकत नाही. पाण्याचा प्रवाह दाखवायचा असेल तर मागे खुंटी नसलेले दोन नमुने पिशवी फोडण्याआधीच हेरून बाजूला ठेवा.