‘वेअर’ शिकवताना: प्रतिशब्दांची यादी की एकच मूळ अर्थ?

इंग्रजीतील ‘वेअर’ हे क्रियापद चिनी भाषकांना शिकवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत चिनी प्रतिशब्द दिले जातात: सदरा, विजार, मोजे आणि बूट यांच्यासाठी ‘छ्वान’, टोपी, चष्मा, हातमोजे आणि घड्याळ यांच्यासाठी ‘दाय’, दाढी राखण्यासाठी ‘ल्यो’, तर अत्तरासाठी फवारणे या अर्थाचा ‘फन’. दुसरीत ‘अंगावर वागवणे’ हा एकच मूळ अर्थ सांगून या साऱ्या वस्तू त्याखाली आणल्या जातात. यादीमुळे वाचताना अर्थ चटकन लागतो. मात्र स्वतः इंग्रजी लिहिताना, जिथे ही चारही क्रियापदे एकाच शब्दात मिसळतात, तिथे तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून मला दुसरी पद्धत अधिक भरवशाची वाटते. (कपडे घालणारे, चष्मा लावणारे आणि दाढी राखणारे आपण मराठी भाषकही याच पंक्तीत बसतो.) या दुसऱ्या पद्धतीचा खरा कस लागतो तो कृती आणि स्थिती यांच्या भेदात, कारण ‘छ्वान’ अंगात चढवणे आणि घातलेले असणे या दोन्हींसाठी चालते, तर इंग्रजीत चढवण्याच्या कृतीसाठी ‘पुट ऑन’ वेगळे आहे, ‘थांब, मी कोट वेअर करतो’ या धर्तीची चूक तिथूनच होते. कोपरावर झिजलेल्या त्याच कोटाचे ‘वेअर’ मात्र ‘मोसुन’ (झिजणे) हा सरळ प्रतिशब्द देऊनच शिकवावे.