झेनमध्ये इस्टीमचं इंजिन, की झेनच्याच इंजिनाला टर्बो?

घरात मारुतीची जुनी एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) झेन आहे, ती विकवत नाही आणि आहे ती ताकद पुरत नाही. हे दुखणं असलेला माणूस गॅरेजमध्ये आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन बदलू की टर्बो बसवू?" टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. दोन्ही कामं मी स्वतःच्या पैशाने, वेगवेगळ्या झेनवर करून बसलोय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आधी आकडे बघा. झेनचं 993 सीसी, 16 व्हॉल्व्हचं इंजिन सुमारे 60 बीएचपीचं (बीएचपी म्हणजे ताकदीचं माप). मारुतीच्याच इस्टीम सेडानचं 1298 सीसी एमपीएफआय इंजिन 85 बीएचपीचं. आता झेनच्याच इंजिनाला अर्धा बार, म्हणजे साधारण 7 पीएसआय बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला तर कागदावर दीडपट हवा आत जाते आणि 90 बीएचपी दिसतात. पण दाबलेली हवा तापते, इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे प्लगची ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते, एक्झॉस्टला अडथळा होतो. शेवटी हातात 80च्या आसपास पडतात. म्हणजे शहाण्यासारखा बूस्ट ठेवला तर दोन्ही वाटांनी माणूस जवळपास एकाच मुक्कामाला पोहोचतो. म्हणून "जास्त पॉवर कशात?" हा प्रश्न मी आता कुणाला विचारूच देत नाही.

गाडी चालवताना मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. झेनच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जाण्याचं अंतर, 61 मिमी, इस्टीमच्या पिस्टनचा 75.5. लांब स्ट्रोक आणि 305 सीसी जास्त, त्यामुळे इस्टीमचं इंजिन खालच्या आरपीएमलाच जोर धरतं. कसारा घाटात ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असताना पाय दिला की गाडी निघते, गिअर पाडायला लागत नाही. टर्बो झेन त्याच जागी आधी विचार करते. बूस्ट भरेपर्यंत ती जुनीच झेन असते. काहींनी जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) उतरवलेलं असतं, त्यांची तर जुन्या झेनपेक्षाही मठ्ठ वाटते. मग बूस्ट येतो, आणि साडेसातशे-आठशे किलोची ती डबी अशी सुटते की शेजारी बसलेला दाराचा हँडल धरतो. हे सुख इस्टीमच्या इंजिनात नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

स्वॅपचं, म्हणजे इंजिन बदलण्याचं, काम लोखंडाचं आहे. सुझुकीच्या जी मालिकेतली ही सगळी भावंडं, ब्लॉक ॲल्युमिनियमचे, त्यामुळे नाकावर फार वजन वाढत नाही. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) जुळवायचं, ड्राइव्ह शाफ्टची लांबी बघायची, इस्टीमचा गिअरबॉक्स सोबतच घ्यायचा, कारण झेनचा गिअरबॉक्स छोट्या इंजिनाच्या टॉर्कसाठी केलेला. वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) डोनर गाडीचंच, म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचंच, उचलायचं. डोनरला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चावीसकट सगळा संच मागा, नाहीतर इंजिन बसेल आणि सुरू होणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिन घ्यायला गेलात तर सिलिंडरचा दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज खिशात न्या आणि मूळ गाडीची कागदपत्रं मागा. बिनकागदाचं स्वस्त इंजिन उद्या चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस चौकीत तुम्ही जाल, विकणारा नाही.

बलेनोचं 1.6 का नको, असंही विचारतात. म्हणजे 1999मध्ये आलेली सेडान, आत्ताची हॅचबॅक नव्हे. तिचा स्ट्रोक 90 मिमी, म्हणून ब्लॉकच उंच. बॉनेट लावण्याआधी इंजिनाच्या सगळ्यात उंच भागावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवा, बॉनेट हलकेच टेकवा, उघडा आणि चपटा झालेला गोळा कापून जाडी मोजा. इंजिन फाउंडेशनवर डुलतं, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरची फट काही कामाची नाही. इंजिन बदलायचंच तर 1.3वर थांबावं, असं माझं मत.

टर्बोचं काम लोखंडाचं कमी आणि पाण्याचं, तेलाचं, आकड्यांचं जास्त. टर्बो स्वतः सगळ्यात स्वस्त वस्तू ठरते. डिझेल स्विफ्टचा छोटा टर्बो भंगारात मिळतो म्हणून लोक हुरळतात. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, आणि ते हाउसिंग त्या तापमानासाठी घडवलेलं नसतं, हे नंतर कळतं. शिवाय मॅनिफोल्ड, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, पेट्रोल पंप, एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू. या शेवटच्या वस्तूवर कंजूषी करणाऱ्यांचे पिस्टन मी पाहिलेत. मूळ ईसीयूला वातावरणापेक्षा जास्त दाबाचा हिशेबच शिकवलेला नसतो. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण 12 : 1च्या आसपास हवं असताना ते पातळ झालं की इंजिन ठोकायला लागतं, आणि तो आवाज सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकू येत नाही. पिस्टनची रिंग बसते ती पट्टी तुटते, मग निळा धूर.

निळ्या धुराचा माझा किस्सा मात्र वेगळा. टर्बो बसवून आठवडा झाला नसेल, प्रत्येक सिग्नलला गाडी डासांची फवारणी करायला लागली. फिटर म्हणाला सील गेले. सील बदलले, धूर तसाच. परत बदलले. दुसऱ्यांदा बिल भरून झाल्यावर मी स्वतः खाली झोपलो आणि टॉर्च मारला. टर्बोमधून संपकडे (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे) तेल परत नेणारा रबरी पाइप मध्येच झोळीसारखा लोंबत होता. त्या तेलामागे दाब नसतो, ते फक्त उताराने खाली यायचं. झोळीत ते साठत होतं, मागे तुंबत होतं आणि सीलवरून टर्बाइनमध्ये जात होतं. पाइप कापून सरळ उतरता केला, संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर जोडला, धूर बंद. टर्बोत असंच असतं. स्वॅपची डोकेदुखी महिना-दीड महिना जोरात होते आणि संपते. टर्बोची गाडीसोबत राहायला येते. पंपावर 95 ऑक्टेन संपलेलं असेल तर त्या दिवशी उजवा पाय आवरायचा, बूस्टवर ताणून आलात तर लगेच इंजिन बंद करायचं नाही, ऑइल वेळेआधी बदलायचं. ज्याला हे आवडतं त्याला हे कामच वाटत नाही. तुम्हाला वाटेल का?

आता आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्वॅप इथे उघडा पडतो, कारण इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही आरसीवर असतात आणि एकही झेन आता पंधरा वर्षांच्या आतली नाही, नूतनीकरणाला तपासणी होतेच. टर्बोत नंबर तोच राहतो, पण म्हणून तो कायदेशीर होत नाही, आणि न कळवलेला बदल विमा कंपनीला क्लेम नाकारायला पुरतो. माझी टर्बो झेन आता ट्रेलरवरून बंद ट्रॅकवर जाते. ज्यांना फक्त रस्त्यावर कायदेशीर, वेगवान छोटी गाडी हवी, त्यांनी सरळ जुनी बलेनो आरएस हॅचबॅक शोधावी: 998 सीसी, कंपनीनेच लावलेला टर्बो, 102 पीएस. मन दुखेल, पण चलन फाटणार नाही.

ब्रेक, क्लच आणि टायर यांचा खर्च दोन्हीकडे सारखा, त्यामुळे तो तुलनेत धरू नका. बजेटमधून मात्र आधीच बाजूला काढा.

तरीही ट्रॅकसाठी गाडी करायचीच असेल तर इंजिन गरम करून चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. चारही आकडे जवळजवळ असतील आणि गावात वाइडबँड लावून रात्री-बेरात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसणारा ट्यूनर असेल, तर टर्बोचा विचार करा. एखादा सिलिंडर दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर त्या इंजिनावर बूस्ट टाकू नका. ते तसंही उघडावं लागणार आहे. त्या पैशात इस्टीमचं चांगलं इंजिन येतं.