टचस्क्रीन स्टिरिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीतला जुना स्टिरिओ काढून सात इंची टचस्क्रीनवाला बसवला, त्याला आता बरेच महिने झाले. आवाज झकास आहे. माझं वाकडं आहे ते व्हॉल्यूमच्या गोल नॉबच्या जागी आलेल्या काचेशी. नॉब न बघता हाताला सापडायचा; इथे आवाज कमी करायचा तरी नजर खाली न्यावी लागते, आणि ताशी 80 च्या वेगात दोन सेकंदांत गाडी जवळपास 44 मीटर पुढे गेलेली असते. स्टिअरिंगवरची बटणं याला जोडता आली म्हणून निभावतंय. ज्यांच्या स्टिअरिंगवर बटणं नाहीत त्यांनी सरळ नॉबवालं मॉडेल घ्यावं, स्क्रीन लहान मिळाली तरी चालेल.

सुरुवातीला चावी काढली की सेव्ह केलेली सगळी एफएम स्टेशनं गायब व्हायची. बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल, दोन्ही वायरी चावीच्या सप्लायवरच जोडल्या होत्या. पिवळीला बॅटरीचा कायमचा सप्लाय लागतो, मेमरी त्यावरच टिकते. ती बदलून घेतल्यापासून त्रास नाही. त्याच पठ्ठ्याने हँडब्रेकची वायरही बॉडीला अर्थ करून टाकली होती, म्हणजे हँडब्रेक ओढलेलाच आहे असं स्टिरिओला वाटणार आणि चालत्या गाडीतही व्हिडिओ सुरू! तीही नीट जोडून घेतली.

ब्लूटूथवर गाणी बारीक आणि सूं-सूं आवाजासकट येत असतील तर आधी फोनचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण करा, मग कमी-जास्त स्टिरिओवरून करा. बेस मी थोडासाच वाढवलाय. बेस आणि व्हॉल्यूम दोन्ही टोकाला नेले की अँप्लिफायरचा आवाज फाटतो, आणि त्यात ट्वीटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो. वेगाप्रमाणे आपोआप आवाज वाढवणारी सेटिंग सर्वात खालच्या पायरीवर पुरते.

व्हॉल्यूम किती ठेवायचा? काचा बंद असताना इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली पाहिजे. ती दबली की मागचा हॉर्न आणि अँब्युलन्सचा सायरनही दबणार.

रेडिओचं रिसेप्शन ठीकठाक. डोंगराआड गेलं की एफएम खरखरणारच, त्याला स्टिरिओ काय करणार! इंजिन बंद करून तासन्‌तास गाणी ऐकणं मात्र टाळा, बॅटरी बसते. नॉब नसल्याचा एक स्टार कापून पाचपैकी चार.