स्टॅक ओव्हरफ्लोची मॉडरेटर निवडणूक: छाननीला पूर्ण मार्क, त्या स्कोअरला नाही

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर आपण सगळेच एरर पेस्ट करून उत्तर शोधायला जातो, पण तिथे मॉडरेटर, म्हणजे साइटवर शिस्त राखणारे स्वयंसेवक, मतदानाने निवडले जातात हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. हा रिव्ह्यू फक्त उमेदवारी अर्जांपुरता आहे, कारण माझ्या मते निवडणुकीतली खरी ग्यानबाची मेख तिथेच असते, मतमोजणी फार नंतरची गोष्ट. सोसायटीचंच घ्या, सूचकाची सही जुळत नाही, मेंटेनन्स थकलाय, अर्ज बाद, पॅनल बिनविरोध, पेढे खा आणि घरी जा.

इथे सूचक-अनुमोदक भानगडच नाही. स्वतःचा अर्ज स्वतःच भरायचा, दुसरा कोणी तुम्हाला घोड्यावर बसवू शकत नाही. अटी आधीपासून जाहीर: 3000 रेप्युटेशन (पोस्टवर लोकांच्या मतांतून मिळणारे गुण), चार ठरावीक बॅज (साइटवर काम केल्याची पदकं), आणि गेल्या वर्षभरात सस्पेन्शन नको. बॅज म्हणजे नुसता शो नाय हां, 300 वेळा मत दिलेलं पाहिजे, 80 पोस्ट एडिट केलेल्या, 80 फ्लॅग (पोस्टबद्दलच्या तक्रारी) बरोबर ठरलेले आणि मेटावर, म्हणजे साइटबद्दलच चर्चा होते त्या भागात, 10 पोस्ट, म्हणजे झाडलोट केलेला माणूसच उभा राहतो, ऐनवेळी उगवलेला हौशी नाही. बसलात नियमात तर अर्ज गेला, नाही बसलात तर नाही गेला, मध्ये कोणा साहेबाचा मूड नाही की 'वरून फोन' नाही. हे मला जाम आवडलं.

उमेदवार 10 पेक्षा जास्त झाले तरच प्रायमरी, म्हणजे प्राथमिक फेरी, होते, पहिले 10 पुढे जातात, मग पसंतीक्रमाने मतदान. हेही ठीकच.

आता खटकतं ते. प्रत्येक अर्जासोबत 40 पैकी एक कॅन्डिडेट स्कोअर येतो. 20 मार्क बॅजचे, 20 रेप्युटेशनचे, दर हजाराला एक. वीस हजारवाला आणि दहा लाखवाला दोघांनाही तिथे 20च, ही मर्यादा शहाणपणाची. पण जो वर्षानुवर्षं गपचूप रिव्ह्यू क्यू, म्हणजे तपासणीला आलेल्या पोस्टची रांग, उपसतोय आणि उत्तरं फारशी लिहीत नाही, त्याचं रेप्युटेशन समजा 4000, तर त्याला 4च. उभं राहायला त्याला कोणी अडवत नाही हे मान्य, पण मतदार तरी काय करणार, उमेदवारांची लांबलचक निवेदनं वाचायचा कंटाळा, नजर आधी आकड्यावर जाते आणि बिचारा तिथेच मागे पडतो. त्यात भांडण कसं मिटवतो, नवख्याशी कसा बोलतो याला शून्य मार्क, जे मॉडरेटरचं निम्मं काम आहे!

5 पैकी 4. एक स्टार त्या स्कोअरपायी कापला, तो स्कोअर निवेदनाच्या खाली बारीक अक्षरात टाकला असता तर बहुतेक पूर्ण दिले असते. मत द्यायला 150 रेप्युटेशन पुरतं, तेवढं असेल तर पुढच्या वेळी निदान पहिल्या तीन पसंतीची निवेदनं वाचून मग क्लिक करा राव.