गर्भपिशवीतील जेल: दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा अभिप्राय

गर्भपातानंतर केलेल्या क्युरेटिंगमुळे (गर्भपिशवी आतून खरवडून साफ करणे) माझी पाळी जवळजवळ थांबली होती आणि दुर्बिणीने तपासल्यावर गर्भपिशवीच्या भिंती आतून चिकटल्याचे आढळले. पहिल्या शस्त्रक्रियेत त्या सोडवल्या गेल्या, मात्र पुन्हा जुळू नयेत म्हणून आत काहीच ठेवले नव्हते, आणि तीन महिन्यांत पाळी पुन्हा आटली. दुसऱ्या वेळी शेवटी हायलुरॉनिक ॲसिडचे जेल सोडण्यात आले. हा अभिप्राय त्याविषयी आहे.

हायलुरॉनिक ॲसिड आपल्या शरीरात मुळातच असते. त्याचे रेणू एकमेकांना जोडून केलेले हे दाट जेल बारीक नळीने आत सोडतात आणि जखम भरण्याच्या नेमक्या काळात, म्हणजे साधारण आठवडाभर, ते दोन खरचटलेल्या भिंतींना एकमेकींपासून दूर ठेवते. नंतर ते आपोआप विरघळते. काही डॉक्टर यासाठी सिलिकॉनचा फुगा काही दिवस आत ठेवतात. तोही उपयोगी आहे, पण त्याने पोटात कळा येऊ शकतात आणि तो काढायला पुन्हा जावे लागते. तांबी मात्र या कामासाठी मला पटत नाही, कारण तांब्याने आत दाह होतो आणि तिचा लहानसा आकार दोन्ही भिंतींना पुरेसा वेगळा ठेवू शकत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहिले, तेव्हा कोपऱ्यात भिंती जोडणारा एकच पातळ पडदा सापडला आणि तो दुर्बिणीच्या टोकानेच सुटला. ही तपासणी टाळली असती, तर तोच पडदा पुढे घट्ट झाला असता असे मला वाटते, म्हणून जेलइतकेच श्रेय मी तिला देते.

जेलची मर्यादाही सांगायला हवी. ते भिंती वेगळ्या ठेवते. खरवडून गेलेले अस्तर परत आणत नाही, आणि त्यासाठी मला इस्ट्रोजेनच्या गोळ्या स्वतंत्रपणे घ्याव्या लागल्या. जेल वापरल्यावर पडदे कमी आढळतात असे अभ्यासांत दिसले आहे, परंतु त्यामुळे मूल होण्याची शक्यता वाढते हे अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही. गंभीर चिकटपणात तर भिंती पुन्हा चिकटण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. या कारणांमुळे मी पाचपैकी चार गुण देते, आणि पहिल्याच वेळी जेलबद्दल कोणी सांगितले नाही याची खंत अजूनही आहे.